माझा उजवा कान आणि लोकांची मते

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मला उलटसुलट करून बघत बसणार नाही. मी रेकॉर्डच्या दुकानातला एक हेडफोन आहे. दोन गुबगुबीत कान, मध्ये स्टीलची कमान आणि खाली लोंबणारी लांबलचक वायर, एवढाच माझा पसारा. आणि मी स्वभावाने जळका आहे. दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते. तुम्ही म्हणाल, हेडफोनला कुठले आले पोट? तर मित्रांनो, पोट नसतानाही दुखते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी ओळीने बायका बसलेल्या असत. त्यांतल्या एकीने माझ्या दोन्ही कानांत केसासारख्या बारीक तारा जोडल्या, मला स्वतःच्या डोक्यावर चढवले, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे शिट्टीसारखा आवाज सोडून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "हा चांगला बोलतो गं." त्यानंतर कित्येक वर्षे माझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

मग मी या दुकानात आलो. दुकान अरुंद आहे. दोन्ही भिंतींना छतापर्यंत रेकॉर्डची कपाटे, आणि मागच्या कोपऱ्यात एक रेकॉर्ड प्लेयर, एक स्टूल आणि मी. दुकानात मोठ्याने गाणे लावायला बंदी आहे, कारण वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. "माझ्याकडे ओरडणारे आधीच भरपूर आहेत, खालून आणखी नकोत," असे दाताच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते. त्यामुळे ज्याला ऐकायचे त्याने स्टुलावर बसायचे आणि मला कानाला लावायचे.

दुकानाचे मालक म्हणजे काका. तरुणपणी ते एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे. काकांच्या दुकानात एक रीत होती. ऐकून झाले की स्टुलावरून उठण्याआधी आपले मत सांगायचे. "फुकट ऐकायचं आणि गुपचूप सटकायचं, हे इथे चालणार नाही," असे काका म्हणत. "आवडलं तर का आवडलं बोला. नाही आवडलं तर तेही बोला. हं, चला, सुरू करा." मग तो माणूस मला मानेभोवती अडकवून बोलायला लागे. म्हणजे जगातली सगळी मते मी अगदी गळ्याशी बसून ऐकली आहेत.

आणि मते कोणाची, तर गाण्यांची! गायकाचा आवाज काय, गिटार काय, रेकॉर्डवरचे चित्र काय. एखादे गाणे गाजले की लोकांनी ते डोक्यावर घेतले असे म्हणतात. अहो, डोक्यावर मी होतो! घामेजलेल्या केसांत, तेलकट कानांवर, तासन्‌तास. पाणी पिऊन झाल्यावर पेल्याला कोणी शाबासकी देत नाही हे मला समजते. पण समजून उपयोग काय? माझा जळफळाट व्हायचा तो व्हायचाच.

काकांचे माझ्यावर प्रेम होते, पण त्यांच्या प्रेमाची पद्धत अशी की जीव नकोसा व्हावा. रोज दुकान बंद करताना ते माझी वायर माझ्याच भोवती करकचून गुंडाळत आणि मला खिळ्याला टांगत. सकाळी सोडवत, स्वतःच्या कानांना लावून एक रेकॉर्ड जराशी वाजवून पाहत आणि म्हणत, "झकास!" असे रोज पिळून घेता घेता माझ्या उजव्या कानाच्या मुळाशी वायर आतून तुटत आली. उजवा कान पुरता गेला नव्हता. त्यातून खरखर येई, आणि खोल विहिरीच्या तळातून यावा तसा थोडा ढोल. तरी काका रोज सकाळी "झकास!" म्हणतच राहिले. मी चक्रावून गेलो होतो.

एकदा एका नळ दुरुस्त करणाऱ्याने सांगितलेही, "काका, याचा एक कान गेलाय." काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सकाळीच तपासलाय मी! तुमचेच कान साफ करा," असे म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावले. त्यानंतर कोणी तक्रार केली नाही. बहुतेक लोक एकदाच ऐकायला येतात. त्यांना वाटे, रेकॉर्डच अशी असेल.

अशा दिवसांत तो अल्बम आला.

तो इमो रॉकचा अल्बम होता. इमो म्हणजे काय हे काका फार थोडक्यात सांगत: "आधी हळू रडायचं, मग गिटार जोरात वाजवून मोठ्याने रडायचं." अल्बमचे नाव होते 'लाइट कोण बंद करणार'. तो करणारा मुलगा दिवसा कुरिअरची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात घरातल्या झोपायच्या खोलीत, खिडकीला गाद्या लावून, गाणी रेकॉर्ड करायचा. दुकानात त्याची एकच नमुना प्रत होती. बाकीच्या प्रती अजून छापायच्या होत्या. लोकांची मते ऐकून, काही बदलायचे तर बदलून, मगच तो छापायला पाठवणार होता.

या मुलाची धाकटी बहीण आमच्याच दुकानात गल्ल्यावर बसायची. घरात तिला सगळे धाकटी म्हणत, काकाही तसेच म्हणत. आता नीट ऐका, मित्रांनो. त्या अल्बमवर तिचाही आवाज होता. लहानपणी या भावंडांच्या खाटा खोलीच्या दोन भिंतींना होत्या. वडील घर सोडून गेल्यावर दोघे अंथरुणात पडल्या पडल्या एकमेकांशी बोलत, आणि ती सारी बोलणी त्याने गाण्यांत घातली होती. त्याची खाट डावीकडे, म्हणून त्याचा आवाज डाव्या कानात. तिची खाट उजवीकडे, म्हणून तिचा आवाज फक्त उजव्या कानात. डावीकडून तो विचारतो, "झोपलीस का?" उजवीकडून ती म्हणते, "नाही." तो विचारतो, "बाबा येतील का गं?" ती म्हणते, "गप. झोप आता." तो म्हणतो, "लाइट कोण बंद करणार?" ती म्हणते, "तू."

आणि माझा नेमका उजवा कान गेलेला!

पहिली ऐकायला बसली ती नखे काळी रंगवलेली एक कॉलेजातली मुलगी. ऐकून झाल्यावर तिने मला मानेवर उतरवले. काका म्हणाले, "हं, बोला."

"काका, काय भारी आहे हे! तो विचारतो, झोपलीस का, आणि पुढे काहीच नाही! नुसती शांतता. कुणी उत्तरच देत नाही. माझ्या अंगावर काटा आला."

"आणि ती खरखर?" काकांनी विचारले.

"ती तर कमाल आहे! तुटलेल्या माणसाच्या आत असंच होत असणार."

मित्रांनो, ती खरखर माझी होती! माझ्या तुटक्या तारेची! कारखान्यातल्या त्या बाईनंतर पहिल्यांदा माझ्या आवाजाची तारीफ झाली आणि तीही खाऊन गेला तो अल्बम. माझा नुसता तिळपापड झाला. मी आणखी जोरात खरखरलो, तर पुढच्या गिऱ्हाइकाने तेवढेच आणखी कौतुक केले.

अल्बमची चर्चा पसरली. लोक खास ऐकायला येऊ लागले. एका बँकेतल्या साहेबांचे मत पडले की गाणारा आपल्या मेलेल्या बायकोशी बोलतो आहे. निवृत्त झालेले गणिताचे सर म्हणाले, "गाणी बेसूर आहेत, पण मधल्या रिकाम्या जागा अचूक आहेत." त्या रिकाम्या जागा तरी कोणाच्या मेहनतीच्या? माझ्या! मी मान मोडून घेतली म्हणून त्या तयार झाल्या. पण श्रेय भलत्यालाच.

या सगळ्या वेळात माझ्याइतकेच जळणारे आणखी एक माणूस त्या दुकानात होते, आणि ती म्हणजे धाकटी. ती गल्ल्यावर बसून प्रत्येकाचे मत ऐके. सुरुवातीला तिचे डोळे चमकत. आता कोणीतरी विचारेल, ती मुलगी कोण? असे तिला वाटे. पण कोणी विचारीना. लोक तिच्यासमोर उभे राहून म्हणत, "कुणीच उत्तर देत नाही, तेच तर ग्रेट आहे," आणि ती खाली मान घालून सुटे पैसे परत देई. तिने अशी समजूत करून घेतली की लोकांना तिचा आवाज ऐकू येतो, पण तो मोजावा इतका महत्त्वाचा वाटत नाही. ती उत्तर देते आहे, तरी त्यांना रिकामेच वाटते.

तुम्ही म्हणाल, तिने मला एकदा कानाला लावून पाहायचे होते. मलाही तेच वाटे. संध्याकाळी ती माझे कान फडक्याने पुसायची, इतक्या जवळ यायची. पण स्वतःचेच गाणे दुकानात ऐकत बसलो तर लोक हसतील, अशी तिला लाज होती. आणि मत्सर चढला की माणूस तपासून पाहत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. काकांनाही वाटत होते की भावाने बहिणीचा आवाज गाळून टाकला असावा. पोरीला वाईट वाटू नये म्हणून ते बिचारे तिच्यासमोर विषयच काढत नसत. त्यांचे हे गप्प राहणे तिला सगळ्यात जास्त लागले.

शनिवारी सकाळी भावाचा फोन आला. दुकान रिकामे होते. धाकटीने फोन गल्ल्यावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला आणि ती रेकॉर्ड पुसत बोलू लागली.

"सोमवारी छापायला पाठवतोय," तो म्हणाला. "काही बदलायचं का? लोक काय म्हणतायत?"

"तुझं कौतुक करतायत. बघावं तो तुझंच. माझा आवाज काढून टाक त्यातून."

"काय? का?"

"कुणाला पत्ताही लागणार नाही, दादा. मी सगळ्यांची मतं ऐकलीत. एकानेही, अगदी एकानेही माझं नाव काढलं नाही."

"अगं, पण ती गाणी आपल्या दोघांची आहेत."

"तुझी आहेत. तू गा, तू भाव खा. आणि पुढच्या महिन्यात तुझा कार्यक्रम आहे ना, तिथे स्टेजवर पण मी येणार नाहीये. मला विचारू नकोस परत."

 मग तोही चिडला. "ठीक आहे. काढतो आजच. नंतर रडू नकोस." आणि फोन बंद झाला. धाकटी ती एकच रेकॉर्ड कितीतरी वेळ पुसत राहिली.

मला गंमत वाटायला हवी होती. त्या अल्बमचा अर्धा आवाज कापला जाणार होता, यापेक्षा माझ्यासारख्या जळक्याला आणखी काय हवे? पण मला अजिबात बरे वाटले नाही. त्या मुलीने माझे कान दररोज पुसले होते.

दुपारी तिची आई आली. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, आणि शनिवारी तिला अर्धी सुट्टी असे. धाकटी घराची किल्ली विसरली होती, ती द्यायला आली होती. काका उठून म्हणाले, "बसा हो ताई. लेकाची रेकॉर्ड ऐकलीत का?"

"कुठची हो. म्हणतो, छापून आली की ऐक. मला आपलं घरात नुसतं ठॉय ठॉय ऐकू यायचं."

"आई, राहू दे. आपण नंतर ऐकू," धाकटी म्हणाली.

"नंतर कशाला? पाय दुखतायत, तेवढीच बसते," असे म्हणत आई स्टुलावर बसलीसुद्धा. काकांनी मला तिच्या कानांना लावले. तिच्या केसांना चादरींच्या वाफेचा वास होता. रेकॉर्ड फिरू लागली. डावीकडून मुलाचा आवाज आला, "झोपलीस का?"

आईने वाट पाहिली. मला ते कळले, कारण तिने श्वास धरला होता. आजवर माझ्याखाली कितीतरी लोक बसले, पण त्या जागी कोणीतरी बोलणार आहे हे माहीत असलेले माणूस पहिल्यांदाच बसले होते. मी जीव तोडून प्रयत्न केला. उजवीकडून खरखर गेली. फक्त खरखर.

"बाबा येतील का गं?" मुलाने विचारले.

आणि हेडफोन लावलेली माणसे ओरडतात तशी आई ओरडली, "अगं धाकटे, तो विचारतोय आणि तू उत्तर का देत नाहीस?"

"आई, हळू!"

"भांडलात की काय तुम्ही दोघं?"

धाकटीचा चेहरा पडला. "देतेय की मी उत्तर. उजव्या कानात आहे बघ."

"उजव्या कानात कुठलं? भजी तळल्यासारखं चुरचुरतंय नुसतं."

धाकटीने मला आईच्या डोक्यावरून ओढून काढले आणि स्वतःला लावले. एक गाणे ऐकले, दुसरे ऐकले. मग तिने मला फिरवून माझ्या उजव्या कानाचे मूळ चाचपले, वायर जरा वाकवून अंगठ्याने दाबून धरली, आणि माझ्या आतून तिचा आवाज स्पष्ट निघाला, "नाही."

"काका," ती म्हणाली, "याचा उजवा कान बंद आहे."

"शक्यच नाही! रोज सकाळी तपासतो मी."

"कुठल्या कानाने?"

काकांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. मग ते कपाटाला टेकून म्हणाले, "डाव्याने. उजवा माझा कधीच गेला गं. ड्रम वाजवायचो ना, झांज उजवीकडे असायची. पण रेकॉर्डच्या दुकानदाराला एका कानाने ऐकू येतं म्हटल्यावर कोण येणार दुकानात? म्हणून बोललो नाही कुणाला." आणि जरा थांबून म्हणाले, "मला वाटलं, तुझ्या भावानेच तुला गाळलं. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो मी."

धाकटी हसावे की रडावे अशा चेहऱ्याने उभी होती. मग तिने मला पुन्हा आईच्या कानांवर ठेवले आणि स्वतः स्टुलामागे उभी राहून, अंगठ्याने माझी वायर दाबून धरली. रेकॉर्ड पहिल्यापासून लागली. पूर्ण बाजू होईपर्यंत तिने अंगठा हलवला नाही. माझ्या डाव्या कानातून भाऊ बोलत होता, उजव्यातून बहीण, आणि मध्ये त्यांची आई बसली होती. मित्रांनो, मी कबूल करतो की तेवढा वेळ मला कोणाचाही हेवा वाटला नाही.

बाजू संपल्यावर काका सवयीने म्हणाले, "हं, बोला."

आईने पदराने चष्मा पुसला. "अशीच दटावायची ती त्याला. गप, झोप आता. मी भिंतीपलीकडे जागी असायची ना. हे दोघं बोलतायत तोवर मला धीर असायचा. गप्प झाले, झोपले, की मी जाऊन लाइट बंद करायची."

"तू करायचीस?" धाकटी म्हणाली. "मला वाटायचं दादा करतो, आणि त्याला वाटायचं..."

"तुम्हाला काय वाटायचं ते ऐकलं आत्ता सगळं." आईने मान वळवून लेकीकडे पाहिले. "तू आहेस म्हणून बरं वाटतं गं हे ऐकायला. नाहीतर एकट्या पोराचं बोलणं ऐकवलं नसतं मला."

धाकटीने फोन उचलून मोठ्या आवाजावर लावला. तिचा अंगठा दाबून दाबून लाल झाला होता. "दादा, माझा आवाज काढलास का?"

"काढला," तो म्हणाला.

 आई आणि काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काढला आणि ऐकून बघितलं," पलीकडून आवाज आला. "वेड्यासारखा मी एकटाच बडबडतोय असं वाटलं. मग परत घातला. तुला आवडो न आवडो, मी तसाच पाठवणार आहे."

"पाठव," ती म्हणाली. "पाठव तसाच. आणि एक ऐक, मी येतेय स्टेजवर."

काकांनी पुढच्याच आठवड्यात नवा हेडफोन आणला. काळा, चकचकीत, वजनाला हलका. मला खिळ्याला टांगले. माझी वायर आता कोणी पिळत नाही, एवढे सुख आहे. त्या नव्याला लोक सारखे डोक्यावर घेतात, आणि मी वरून बघत जळत असतो. माझा स्वभाव काही बदललेला नाही.

मग अल्बम छापून आला आणि पुन्हा मते सुरू झाली. कोणाला आवडला, कोणाला नाही. काळ्या नखांची ती मुलगी मोठ्या उत्साहाने आली, स्टुलावर बसली, आणि पहिल्या गाण्यालाच तिने नाक मुरडले. नवा हेडफोन काढून ती म्हणाली, "काका, हे काय करून ठेवलंय? ती शांतता किती छान होती! मध्ये मध्ये ही कोण बोलतेय? सगळी मजा घालवली हिने. आवाज पण कसा, सर्दी झाल्यासारखा!"

काका घाबरून गल्ल्याकडे पाहू लागले. मीही पाहिले. धाकटीचे कान लाल झाले होते. ती उठली, मागच्या दारातून गल्लीत गेली आणि तिने भावाला फोन लावला. दार उघडेच होते.

"दादा," ती ओरडली, "एका मुलीला माझा आवाज अजिबात आवडला नाही! सर्दी झाल्यासारखा वाटतो म्हणाली!" आणि ती इतकी हसत सुटली की वरून डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिले.

मला तिचा किती हेवा वाटला म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, किंवा कोपऱ्यात बसून हळू आवाजात उत्तर देणारे एखादे माणूस असेल. त्यांना उगाच चांगले म्हणा, असा माझा आग्रह नाही. आवडले नाही तर खुशाल नावे ठेवा. पण आधी एकदा नीट ऐका, आणि मगच ठेवा.